वासोट्याला जाताय? मग आधी हे वाचा

आमच्या ग्रुपमध्ये वासोटा किल्ल्याचा ट्रेक ठरला की नियोजन माझ्या गळ्यात पडतं, म्हणून सांगतो. पावसाळ्यात विषयच काढू नका. तेव्हा जंगल बंद असतं. डिसेंबर-जानेवारी उत्तम.

साताऱ्याहून कास पठारावरून बामणोलीला यायचं, तेही आदल्या रात्री. तिथून पुढे बोटीनं जायचं. भाडं अख्ख्या बोटीचं असतं, म्हणून बोटीत मावतील तेवढी माणसं जमवा. चौघंच गेलात तर खिसा रिकामा. प्रत्येकाचं ओळखपत्र हवंच. वनखात्याची परवानगी काढून पहिल्या बोटीनं शिवसागर जलाशय ओलांडायचा. तास-दीड तास लागतो आणि पाण्यावरची थंडी हाडात शिरते, तेव्हा कानटोपी सॅकच्या तळाशी ठेवू नका.

पलीकडे वनखात्याची माणसं सॅक उघडून प्लास्टिक मोजतात. बिस्किटं घरीच डब्यात काढून न्या, वेळ वाचतो. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. भात नको, दुपारपर्यंत चिकट होतो.

ओढ्याजवळच्या मारुतीपासून चढ सुरू. झाडी इतकी दाट की ऊन लागत नाही, पण घाम फुटतोच. सगळ्यात हळू चालणारा पुढे, वाट माहीत असलेला शेवटी. मोठ्यानं गाणी नकोत. हा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, गव्यांचं घर आहे.

माथ्यावर बाबूकड्याच्या टोकाशी सेल्फीवाल्यांचा दंड धरून ठेवणारा एक मित्र नेमा. मुक्कामाला परवानगी नाही, त्यामुळे जेवण उरकून लगेच उतरा. बोटवाला दिलेल्या वेळेनंतर थांबायला कुरकुरतो, आणि त्याचंही बरोबरच आहे.