ऑपरेशन थिएटरमधली यूव्ही ट्यूब लावण्याआधी

शेवटचं ऑपरेशन संपलं की तयारी सुरू करा, आणि ती बादलीपासून. रक्ताचा डाग किंवा धुळीचा थर असेल तर यूव्ही (ट्यूबमधून निघणारे, जंतू मारणारे अतिनील किरण) वरच अडते, खालचे जंतू सुखरूप राहतात. म्हणून आधी साबणपाणी, मग फरशीला हायपो (ब्लीचसारखं जंतुनाशक द्रावण), आणि सगळं कोरडं झालं की ट्यूब. हा क्रम उलटा केला तर वीजबिलाशिवाय काही वाढत नाही. औजारांना मात्र ऑटोक्लेव्हच, म्हणजे दाबाखालच्या वाफेचं यंत्र. ट्यूबखाली मांडून ती निर्जंतुक होत नाहीत.

आता ट्यूब बघा. आपल्या मराठवाड्यात उन्हाळ्यात खिडक्या लावल्या तरी फुफाटा आत येतोच आणि तिच्यावर बसतो. स्विच बंद करा, ट्यूब गार होऊ द्या, मग स्पिरिटच्या कापडानं पुसा. निळा उजेड पडतोय म्हणजे ट्यूब चांगली, असं कुणी म्हटलं तर मान डोलवू नका. जंतू मारणारा 254 नॅनोमीटरचा किरण डोळ्यांना दिसत नाही, आणि निळा उजेड तसाच राहून तो उतरत जातो. बसवल्याची तारीख आणि रोजचे तास रजिस्टरला लिहा. कंपनीनं सांगितलेले तास भरले की जळायची वाट न बघता ट्यूब बदला.

ट्रॉल्या भिंतीपासून ओढून घ्या, स्टँड मोकळे करा. जिथं सावली तिथं यूव्ही नाही, आणि लांब गेलं की मारा झपाट्यानं कमी होतो. फिरतं मशीन असेल तर टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकेकदा चालवा.

स्विच दाराबाहेरच हवा. लावण्याआधी थिएटरमधल्या मदतनीस मामांनी किंवा मावशींनी नुसती हाक मारून भागत नाही. आत जाऊन, हात धुण्याच्या (स्क्रबच्या) कोपऱ्यापर्यंत बघून यायचं, मग दाराला पाटी. साध्या काचेतून हा किरण बाहेर येत नाही, उघड्या फटीतून येतो. अंगावर पडला तरी तेव्हा काही कळत नाही. काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागतं, कातडी लाल होते.

मध्येच लाईट गेली, आणि ती जाणारच, तर मिनिटं जोडत बसू नका. वेळ पहिल्यापासून धरा.

काढलेल्या ट्यूबमध्ये पारा असतो. ती उकिरड्यावर नको, खोक्यात घालून घातक कचऱ्यात द्या. फुटलीच तर खिडक्या उघडा, माणसं बाहेर काढा, झाडू फिरवू नका. हातमोजे घालून पुठ्ठ्यानं तुकडे उचला.