एस्टोनियातलं कूळ शोधताना: 'जीवगणती'च्या याद्या कशा वाचाव्यात

एस्टोनियातल्या शेतकरी घराण्याचा माग काढायचा असेल, तर सगळ्यात भक्कम आधार 'हिंगेलोएंद'चा. शब्दशः अर्थ जीवांची यादी. रशियन साम्राज्याने डोईपट्टी आणि सैन्यभरती यांसाठी ही मोजणी करवली. आजच्या एस्टोनियाच्या मुलखात ती सात वेळा झाली: १७८२, १७९५, १८११, १८१६, १८३४, १८५० आणि १८५८. हेतू कराचा असल्यामुळे पुरुषांची नोंद काटेकोर आहे, बायकांची जेमतेम. १८११ साली तर फक्त पुरुषच मोजले गेले. सरदार आणि पाद्री यांना डोईपट्टी माफ होती, त्यांना या याद्यांत शोधू नये.

या याद्या गावाप्रमाणे किंवा आडनावाप्रमाणे लावलेल्या नाहीत, त्या इस्टेटीप्रमाणे आहेत. इस्टेट म्हणजे 'मॉइस', बहुधा जर्मन जमीनदाराची. त्यामुळे पूर्वज कोणत्या मॉइसचा, हे कळेपर्यंत हाती काही लागत नाही. आडनाव पाठ असून उपयोग नाही, कारण तेच आडनाव वेगवेगळ्या इस्टेटींत एकमेकांशी नातं नसलेल्या कुटुंबांना मिळालेलं असतं.

आधी १८५८ पर्यंत पोहोचा

आजी-पणजोबांपासून १८५८ पर्यंतचा टप्पा चर्चच्या दफ्तरातून पार करावा लागतो. त्यात जन्म-विवाह-मृत्यूच्या वह्यांपेक्षा 'पेर्सोनालरामात' जास्त कामाचं. हे पॅरिशमधल्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या, कुटुंबांचं रजिस्टर असतं. एका पानावर नवरा, बायको, मुलं, जन्मतारखा, आणि बहुतेक वेळा इस्टेटीचं व शेतवाडीचं नाव. तेच आपल्याला हवं असतं. साधारण १८९० पर्यंतच्या नोंदी जर्मनमध्ये, नंतर १९१७ च्या सुमारापर्यंत रशियनमध्ये आणि पुढे एस्टोनियनमध्ये. तारखा १९१८ पर्यंत ज्युलियन पंचांगाच्या आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या तारखेत १२ दिवस मिळवले की आजची तारीख येते.

इथे दोन ठिकाणी माग हमखास तुटतो. १९३० च्या दशकात हजारो कुटुंबांनी जर्मन वळणाची आडनावं टाकून एस्टोनियन आडनावं घेतली, म्हणून आजीचं माहेरचं आडनाव जुन्या वह्यांत सापडेलच असं नाही. दुसरं म्हणजे १८४५ ते १८४८ या काळात लिव्होनिया प्रांतात (आजच्या एस्टोनियाचा दक्षिण भाग याच प्रांतात होता) शेतकऱ्यांची मोठी लाट लुथेरन पंथ सोडून ऑर्थोडॉक्स झाली. कुटुंब त्या वर्षांत लुथेरन वहीतून एकाएकी गायब झालं, तर ते मेलं किंवा परगावी गेलं असं धरू नका. त्याच भागातल्या ऑर्थोडॉक्स चर्चच्या वह्या उघडा. जीवगणतीत पंथाने फरक पडत नाही, माणूस आपल्या इस्टेटीतच राहतो.

१८९७ ची साम्राज्यभर झालेली खानेसुमारी (जुन्या पंचांगाने २८ जानेवारी, नव्याने ९ फेब्रुवारी) ही खऱ्या अर्थाने आधुनिक. तिच्यात जन्मस्थान, मातृभाषा, साक्षरता, धंदा असं सगळं विचारलं होतं. मात्र घरोघरचे मूळ कागद सगळीकडचे टिकलेले नाहीत. मिळाले तर सोनं, पण सारा शोध त्यांच्यावर टांगून ठेवू नये.

याद्या कुठे आणि कशा उघडायच्या

एस्टोनियाच्या राष्ट्रीय पुराभिलेखागाराचं 'सागा' नावाचं संकेतस्थळ आहे. नोंदणी केली की स्कॅन केलेली पानं फुकट पाहता येतात. १९१७ पूर्वी उत्तर भाग एस्टलँड प्रांतात होता, आणि दक्षिण भाग व सारेमा बेट लिव्होनियात. एस्टलँडच्या याद्या १८६४ क्रमांकाच्या संग्रहात आहेत, लिव्होनियाच्या १८६५ मध्ये. (ही सालं नव्हेत, संग्रहांचे क्रमांक आहेत. पहिल्यांदा सगळेच फसतात.) लिव्होनियाचा दक्षिण अर्धा आज लाटव्हियात आहे, म्हणून सीमेवरच्या वाल्गा गावाजवळचे पूर्वज लाटव्हियाच्या दफ्तरातही पाहावे लागतात. नार्वा शहर सेंट पीटर्सबर्ग प्रांतात होतं आणि पेत्सेरीचा भाग (सेतो लोकांचा मुलूख) प्स्कोव्ह प्रांतात, तेव्हा ते या दोन्ही संग्रहांबाहेर.

जर्मन नावं जवळ लिहून ठेवा: तार्तूचं डोर्पाट, टॅलिनचं रेवाल, विल्यांदीचं फेलीन, पार्नूचं पेर्नाउ, राकवेरेचं वेझेनबर्ग. प्रत्येक इस्टेटीलाही अशीच दोन नावं असतात, आणि दोन्हींत कित्येकदा काडीचंही साम्य नसतं.

पान वाचताना

उघडलेल्या पानाच्या डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका. पुरुषाच्या रांगेत मागच्या मोजणीच्या वेळचं वय, मधल्या काळात तो गेला असेल तर कारण व साल, आणि आताचं वय. बाईचं फक्त आताचं वय. शेतवाडीचा आताचा क्रमांक आणि मागच्या यादीतला क्रमांकही दिलेला असतो. एका यादीतून मागच्या यादीत जायचं ते या जुन्या क्रमांकाच्या आधारानेच. आडनावाच्या मागे धावलात, तर शेजारच्या वाडीतला त्याच नावाचा माणूस वंशावळीत घुसलाच म्हणून समजा.

दोन याद्यांमधलं अंतर आणि वयांतला फरक जुळलाच पाहिजे: १७९५ ते १८११ सोळा वर्षं, १८११ ते १८१६ पाच, १८१६ ते १८३४ अठरा, १८३४ ते १८५० सोळा, पुढे १८५८ पर्यंत आठ. समजा १८५८ मध्ये यान ४५ वर्षांचा आहे. मग त्याच्या मागच्या रकान्यात ३७ हवं, १८५० च्या पानावर मागचं वय २१ हवं आणि १८१६ मध्ये तो तीन वर्षांचं पोर असायला हवा. एक-दोन वर्षांचा फरक चालतो, कारण वयं अंदाजाने सांगितली जात. पाच-सहा वर्षांचा फरक आला, तर बहुधा माणूसच दुसरा.

अक्षर जर्मन 'कुरेंट' वळणाचं असतं. त्यात 'ई' आणि 'एन' जवळपास सारखे दिसतात, आणि 'यू' त्याच्या डोक्यावरच्या बाकदार रेघेमुळे ओळखू येतो. पण शब्द मोजकेच असल्याने दोन-तीन संध्याकाळी डोळे बसतात. 'विर्ट' म्हणजे वाडीचा कर्ता, 'क्नेख्ट' म्हणजे गडी, 'लोस्ट्रायबर' म्हणजे भूमिहीन. 'वाइब' बायको, 'झोन' मुलगा, 'टोख्टर' मुलगी, 'ब्रूडर' भाऊ. 'गेश्टॉर्बेन' मृत, 'रेक्रूट' सैन्यात गेलेला. 'आउस त्स्वाइटर एहे' दिसलं की थांबा. ते मूल दुसऱ्या लग्नाचं आहे, आणि शेजारी लिहिलेली बायको वरच्या थोरल्या मुलांची सख्खी आई नसेल.

नावांचंही तसंच. लिहिणारा जर्मन, सांगणारा एस्टोनियन. त्यामुळे युरीचा गेऑर्ग होतो, मिह्केलचा मिखाएल, कादरीची काथरीना, तिऊची डोरोथेआ. आज 'व्ही' असलेल्या जागी जुन्या लेखनात 'डब्ल्यू' असतो.

काय दिसत नाही, हेही ध्यानात ठेवा. दोन मोजण्यांच्या मधे जन्मून मेलेलं मूल यादीत येतच नाही. लग्न होऊन गेलेली मुलगी पुढच्या यादीत मुकाट नाहीशी होते, कुठे गेली याचा उल्लेख नसतो. तिला गाठायला चर्चची विवाहाची वही लागते. पुरुषाच्या मृत्यूचं साल मात्र मिळतं, आणि मृत्यूच्या वहीत नेमकं कुठे पाहायचं ते त्यावरून कळतं.

आडनावांची भिंत

भूदासत्व एस्टलँडमध्ये १८१६ साली आणि लिव्होनियात १८१९ साली संपलं. शेतकऱ्यांना आडनावं त्यानंतर मिळाली: लिव्होनियात १८२२ ते १८२६ दरम्यान, एस्टलँडमध्ये १८३५ च्या सुमारास. म्हणजे १८१६ च्या यादीत आडनाव शोधणं व्यर्थ. लिव्होनियातल्या अनेक इस्टेटींच्या १८२६ च्या जादा याद्या आहेत, त्या मधला पूल म्हणून वापरा. भाऊ वेगवेगळ्या इस्टेटींत असतील तर सख्ख्या भावांची आडनावंही वेगळी निघतात. याच पुराभिलेखागाराचा 'ओनोमास्तिका' हा संच कोणतं आडनाव कोणत्या इस्टेटीत दिलं गेलं ते दाखवतो. मॉइस माहीत नसेल तेव्हा निदान उमेदवार इस्टेटींची यादी तिथून करता येते.

आडनावांच्या आधी माणूस वाडीच्या नावाने ओळखला जाई: आधी वाडी, मग त्याचं नाव. हे नाव रक्ताचं नव्हे, जमिनीचं. नवा कर्ता वाडीवर आला की तोही त्याच नावाचा होई. जावई सासऱ्याच्या वाडीवर गेला, तर पुढच्या यादीत त्याला सासऱ्याच्या वाडीचं नाव लागलेलं दिसेल. म्हणून १८१६ च्या मागे जाताना फक्त वाडीचं नाव जुळलं म्हणून बाप-लेकाची रेघ ओढू नका. वय, भावंडं आणि वाडीचा क्रमांक, तिन्ही जुळू द्या.

१७८२ च्या आधी अठराव्या शतकातल्या 'आद्रामा' म्हणजे जमीनमहसुलाच्या तपासण्या आहेत. पण त्यांत साधारणपणे वाडीच्या कर्त्याचंच नाव मिळतं. १७१०-११ च्या प्लेगने वाड्याच्या वाड्या ओस पडल्या आणि मागून त्यांवर परकी माणसं येऊन राहिली, जुन्याच वाडीच्या नावाने. १६३८ च्या स्वीडिश तपासणीतला त्या वाडीचा कर्ता आपला पूर्वज होता असं म्हणायचं, तर प्लेगनंतर तिथे तेच कुटुंब उरलं होतं याचा वेगळा पुरावा हवा.