गणपतीला घरी आलात की गोळ्यांची पिशवी उघडा

देवगड तालुक्यात मी बरीच वर्षं आरोग्य केंद्रात नर्स होते. चतुर्थीला मुंबईहून येणाऱ्या मुलांना माझं एकच सांगणं असतं: माटवी (गणपतीच्या वर बांधायची फळापानांची चौकट) बांधून झाली की एक दुपार आईवडिलांच्या औषधांना द्या.

घरातली झाडून सगळी औषधं सुपात गोळा करा. उशीखालची, देवळीतली, फ्रीजवरच्या डब्यातली. चूर्णं, काढे, दुकानातून आणलेल्या गुडघेदुखीच्या गोळ्यासुद्धा. मग पाकिटावरचं मोठं नाव सोडा, त्याखालचं बारीक अक्षरातलं वाचा. खरं औषध ते. एका आजींकडे दोन पाकिटं निघाली. "ही मुंबयची, ही हयसरची. दोनय प्रेशरचीच," त्या म्हणाल्या. दोन्हींत औषध एकच, अ‍ॅम्लोडिपिन! लेकाने पाठवलेली टाकवेना, इथल्या डॉक्टरांची चुकवेना. रोज दुप्पट डोस जात होता. पाय सुजलेले, उठलं की चक्कर. पावसात शेवाळलेल्या चिऱ्यांवर रात्री अशी चक्कर आली तर खुब्याचं हाड मोडतं, आणि या वयात त्यातून पुन्हा पहिल्यासारखं चालणं अनेकांना जमत नाही.

गुडघेदुखीच्या गोळ्यांवर विशेष लक्ष ठेवा. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन रोज पोटात गेलं तर प्रेशर चढतं, मूत्रपिंडावर ताण येतो. मग त्या प्रेशरसाठी आणखी एक गोळी मागे लागते.

स्वतःच्या मनाने मात्र काही बंद करू नका. मेटोप्रोलोलसारखी प्रेशरची गोळी एकदम थांबवली तर हृदयाला धोका असतो. सगळं पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ठेवा आणि स्पष्ट विचारा, "यातली कुठली आता नको?"

घरी प्रेशर मोजताना पाच मिनिटं खुर्चीला टेकून बसवा, पाय जमिनीवर, दंड उघडा. नंतर उभं करून एका आणि तीन मिनिटांनी परत मोजा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर डॉक्टरांना सांगा.

ठरलेल्या गोळ्या ठळक मराठीत लिहून कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, फोटो शेजाऱ्यांच्या फोनमध्येही असू द्या. १०८ची गाडी आली की तोच कागद पुढे करायचा. आणि वय ७० किंवा जास्त असेल तर केंद्र सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्या: उत्पन्न कितीही असो, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत मोफत उपचार. आधार कार्ड लागतं. जवळचं कुठलं रुग्णालय यादीत आहे, ते परतीच्या गाडीत बसण्याआधी विचारून ठेवा.