अल्फियस बॅबकॉकच्या काळातला चौकोनी पियानो कसा तपासावा

बॉस्टनच्या आसपासच्या जुन्या घरांत चौकोनी पियानो अजून सापडतात. लांबट पेटीसारखे, जाड पायांचे, वर घरच्यांचे फोटो मांडलेले. मी पियानो सुरात लावण्याचं आणि दुरुस्तीचं काम करते. अशा घरातून फोन आला की पहिलं सांगणं एकच असतं: मी येईपर्यंत एकही खुंटी पिळू नका.

यामागे माझी एक चूक आहे. शिकून बाहेर पडल्यावर पहिल्याच वर्षी असा एक पियानो मी एका बैठकीत आजच्या स्वराला चढवला. आत तारांचा ताण पेलायला लाकडाशिवाय काही नव्हतं. आठवड्याने मालकीणबाईंचा निरोप आला, खुंट्यांच्या फळीला उभी चीर गेली होती. ती फळी मला अजून डोळ्यांसमोर दिसते.

म्हणून आधी झाकण उघडा आणि फक्त बघा. सोबत टॉर्च, लहान आरसा आणि लोहचुंबक घ्या.

पहिली नजर कळपट्ट्यांच्या वरच्या नावाच्या फळीवर. तिथे दोन नावं असू शकतात: एक बनवणाऱ्याचं, दुसरं ज्याच्यासाठी बनवला त्याचं. अल्फियस बॅबकॉक हा एकोणिसाव्या शतकातला पियानो बनवणारा. त्याच्या बॉस्टनमधल्या पियानोंवर ‘मॅके यांच्यासाठी’ असा मजकूर येतो. भांडवल मॅके घराण्याचं, हात बॅबकॉकचे. पुढे तो फिलाडेल्फियाला गेला, तिथे विल्यम स्विफ्ट यांच्यासाठी काम केलं. त्यामुळे मोठ्या अक्षरांतलं नाव वाचून थांबू नका, बारीक ओळही वाचा.

आता मुख्य गोष्ट. तारेचं एक टोक खुंटीला गुंडाळलेलं असतं, दुसरं एका लहान पिनेत अडकवलेलं असतं. ही दुसरी बाजू शोधा आणि पिना कशात ठोकल्या आहेत ते पाहा. लाकडात असतील तर सगळा भार लाकडावर आहे. धातूच्या पट्टीत असतील तर पट्टीच्या कडेने बोट फिरवत जा. पट्टी थोड्या अंतरावर संपते आणि स्क्रूंनी लाकडाला धरलेली असते, तर ती फक्त पिनांना आधार देते. पण तोच धातू कुठेही सांधा न येता वळून, आडवा जाऊन खुंट्यांच्या फळीपर्यंत पोचत असेल, तर तुम्ही एकसंध ओतलेल्या बिडाच्या चौकटीवर बोट ठेवलं आहे. सोनेरी रंगाने फसू नका, चुंबक लावून पाहा. पितळेला तो चिकटत नाही.

अशा चौकटीचं पेटंट बॅबकॉकने १७ डिसेंबर १८२५ रोजी घेतलं. धातू त्याआधीही पियानोत आला होता. लंडनमध्ये थॉम आणि अॅलन यांनी १८२० साली धातूच्या नळ्यांची रचना केली होती. बॅबकॉकने सुटे भाग जोडण्याऐवजी सगळं एका ओतकामात आणलं, आणि मला त्याची खरी झेप तिथेच दिसते. पियानोची सप्तकं वाढत होती, तारा जाड होत होत्या आणि लाकूड हळूहळू वाकत होतं. बीड दाबाला फार चिवट असतं, आणि तारा चौकटीला दोन्ही टोकांनी आत खेचतात, म्हणजे तिच्यावर मुख्यतः दाबच येतो. शिवाय लोखंडाची चौकट आणि लोखंडी तारा उष्णतेने जवळपास सारख्याच प्रसरण पावतात, त्यामुळे स्वर टिकेल असाही त्यामागचा विचार होता.

हा विचार बरोबर आहे, पण अर्धाच. मॅसॅच्युसेट्समध्ये हिवाळ्यात घरं तापवली की हवा कोरडी होते, साउंडबोर्ड, म्हणजे तारांचा आवाज वाढवणारा लाकडी फळा, आक्रसतो आणि स्वर उतरतो. उन्हाळ्यात तोच फुगून स्वर चढवतो. चौकट त्याला काही करू शकत नाही. खोलीतली आर्द्रता सांभाळा.

चौकट सापडली की तडे शोधा. वाकण्यापेक्षा बीड तुटतं. कोपरे, बोल्टच्या भोवतीची जागा आणि आखूड तारांची बाजू टॉर्च तिरका धरून बघा. लाकडी दांडीने हलकेच ठोका. धड बीड खणखणतं, तडा असेल तर आवाज बद्द येतो. तडा दिसला की ताण वाढवायचा नाही, बीड सांधणाऱ्या जाणकारालाच बोलवायचं.

मग पेटीचा पीळ तपासा. पेटीच्या काठावर समोरासमोरच्या कोपऱ्यांना दोन दोरे ताणून फुलीसारखे लावा. मधे ते एकमेकांना नुसते टेकले तर पेटी सपाट. अंतर राहिलं किंवा एकाने दुसऱ्याला ढकललं, तर तारांनी पेटी पिळली आहे.

खुंट्यांना हात लावण्याआधी त्यांचं डोकं बघा. जुन्या खुंट्यांचं डोकं बहुधा चपटं, लांबट असतं. आजची चावी त्यावर बसत नाही, बळजबरी केली तर कडा झिजतात. योग्य मापाची चावी मिळेपर्यंत थांबा. मधल्या ‘ए’चा स्वर यंत्रावर मोजून लिहून ठेवा. या ‘ए’साठी आजचा ४४० हर्ट्झ हा आकडा आंतरराष्ट्रीय पातळीवर १९३९ साली ठरला, या वाद्याचा त्याच्याशी संबंध नाही. अर्धा स्वर खाली, ४१५ च्या आसपास लावला तरी तो सुंदर बोलतो. चौकट बिडाची असली तरी खुंट्यांची फळी लाकडीच आहे, याची मी दर वेळी स्वतःला आठवण करून देते. चढवायचंच असेल तर थोडं थोडं, काही आठवड्यांच्या अंतराने.

तुटलेल्या तारेची जाडी मायक्रोमीटरने मोजा आणि तेवढीच बसवा. हातोड्यांवर चामडं असेल तर ते राहू द्या. त्याजागी फेल्ट, म्हणजे दाबलेली लोकर, लावलं की आवाजाची सगळी धार जाते.

पाटीवर चिकरिंग हे नाव असेल तर तारीख जरूर शोधा. बॅबकॉक १८३७ मध्ये बॉस्टनला जोनास चिकरिंगच्या कारखान्यात आला आणि १८४२ मध्ये मृत्यूपर्यंत तिथेच होता. चिकरिंगने सुधारलेल्या चौकटीचं पेटंट १८४० साली चौकोनी पियानोसाठी आणि १८४३ साली ग्रँडसाठी घेतलं. त्या वर्षांतला चिकरिंग उघडला की मी आधी चौकटीच्या कोपऱ्यांवरून बोट फिरवते, सांधा लागतो का ते बघत, आणि मगच वही काढते.