बातमीची आणि पिच्चरची भाषा तपासायची कशी? आधी क्रियापद धरा

एमएच्या प्रोजेक्टसाठी म्हणा का नुसत्या हौसेपोटी, बातम्यांची नाहीतर सिनेमाच्या डायलॉगची भाषा तपासायला घेतली की आपल्याकडं बरेच जण इंग्रजी शब्द किती घुसले तेवढं मोजतात आणि मराठी बिघडली असं लिहून मोकळे होतात. ते नका करू राव. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात राहिलेल्या मराठवाड्यानं परक्या शब्दांना नाकं मुरडायची म्हणजे अवघडच, तहसील अन् अर्ज तरी आपले कुठं होते. नामं ऱ्हाऊ द्या, क्रियापद बघा.

बातमीपासून सुरू करा, सोपं पडतं. एकच घटना घ्या, समजा अतिवृष्टीचे पंचनामे. तीन पेपर आणि एखादं चॅनल, तारीख एकच. आता एक्सेलमधी एकेका ओळीत एकेक वाक्य टाका, शेजारी क्रियापद, त्याच्या शेजारी कर्ता दिलाय का नाही, आणि दिला असंल तर कोण. हेडलाइनची शीट वेगळी ठेवा, कारण 'मराठवाड्याला दिलासा' असल्या मथळ्यात क्रियापदच नसतं आणि मग सगळा हिशोब गडबडतो.

मग बघा, 'तलाठ्यानं पंचनामे केले' कुठं येतं आणि 'पंचनामे करण्यात आले' कुठं येतं. 'करण्यात आले' दिसलं की लगेच 'कर्ता लपवला' असा ठप्पा मारू नका, कैकदा ती जिल्हा माहिती कार्यालयाची प्रेसनोट जशीच्या तशी छापलेली असते, सरकारी भाषाच तशी. प्रेसनोट मिळाली तर शेजारी ठेवून ताडून बघा, पत्रकारानं काय बदललं तेच खरं पाहण्यासारखं. माझं लक्ष मात्र 'रखडले', 'थकले' असल्या क्रियापदांवर जास्त असतं. 'निधी रखडला' म्हणलं की तो आपोआपच रखडला, कुणी रखडवलाच नाही! आणि शेतकरी? 'हवालदिल झाला', 'संकटात सापडला', 'अडचणीत आला', सगळं त्याच्यावर येऊन आदळतंय. तो स्वतः काही करतोय अशी वाक्यं किती आणि कोणत्या कामाची, रास्ता रोको सोडून काही आहे का, हे मोजा. 'समजते', 'कळते', 'बोलले जाते' यांना वेगळा रकाना द्या, बातमी कुणी सांगितली ते त्यात येतच नाही.

मोजताना एक घोळ हमखास होतो. 'शेतकरी' असं सर्च केलं की शेतकऱ्यांना, शेतकऱ्याचे हे काहीच सापडत नाही, प्रत्ययाआधी शब्दाचं रूपच बदलतं ना, म्हणून नुसतं 'शेतक' शोधा. त्यातबी 'ऱ्य' दोन पद्धतीनं टाइप होतो, दिसायला सेम पण कॉम्प्युटरला वेगळा, त्यामुळं पूर्ण शब्द टाकून शोधलं की अर्धे निसटतात. काही ई-पेपरमधून कॉपी केलं तर जुन्या फॉन्टमुळं नुसता कचरा येतो, तिथं सरळ हातानं टाइप करा. मजकूर जास्त असंल तर अँटकाँक (AntConc) नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, एक शब्द दिला की तो आलेल्या सगळ्या जागा आजूबाजूच्या शब्दांसकट दाखवतं. मजकूर तेवढा युनिकोडमधी पाहिजे, म्हणजे मोबाइलवर टाइप होतो तसा, जुन्या फॉन्टातला नको.

आता पिच्चर. सबटायटलवर जाऊ नका, कानानं ऐकून लिहा. सगळा पिच्चर उतरवायची गरज नाही, एकाच पात्राचे चार-पाच सीन घ्या ज्यात तो बापाशी, दोस्ताशी, फौजदाराशी आणि आवडत्या पोरीशी बोलतो. कोण, कुणाला, क्रियापद काय, बस. आपल्याकडं चालू काळाचं रूप लगेच पत्ता सांगतं, लातूर-धाराशिवकडं 'काय करूलालास', परभणी-नांदेडकडं 'काय करायलास', दोन्हीचा अर्थ 'काय करतोयस'. सरहद्द काय पक्की नाही आणि असली रूपं बाहेरबी ऐकू येतात, पण गोष्ट मराठवाड्यातली म्हणून सांगितलीय अन् सगळं गाव 'करतुया, जातुया' करत बसलंय तर समजा संवाद लिहिणाऱ्यानं पिच्चरवाली गावठी वापरलीय. शंका आली तर डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेनं मिळून मराठी बोलींचं सर्वेक्षण केलंय, त्यातली जिल्ह्याजिल्ह्यातली रेकॉर्डिंग ऑनलाइन आहेत, तिथं ऐका.

बोली कुणाच्या तोंडी दिली ते तर नक्की बघा. नायक कलेक्टर झाला की प्रमाण मराठी, आणि हसवायला ठेवलेला दोस्त शेवटपर्यंत बोलीतच, असं आहे का? समोरचा बदलला की भाषा बदलते यावर ॲलन बेल या भाषाशास्त्रज्ञाचा १९८४ चा लेख आहे, न्यूझीलंडच्या रेडिओवरचे तेच निवेदक दोन स्टेशनांवर वेगळा उच्चार करायचे. आपल्या चॅनलच्या रिपोर्टरवर हे करून बघायला मजा येईल, कॅमेऱ्याकडं बघून बोलताना 'पाहायला मिळतंय' आणि तोच बांधावर म्हाताऱ्याला 'काय म्हणता मामा, किती गेलं सोयाबीन?'

उतरवताना डायलॉग दुरुस्त करू नका, 'न्हाई' ऐकू आलं तर 'न्हाई'च लिहा. आणि दुसऱ्या तालुक्यातल्या कुणाला तरी तीच क्लिप ऐकवून त्याच्याकडून वेगळं लिहून घ्या, जिथं दोघांचं जुळत नाही ते शब्द परत ऐका, तरीबी नाही जुळलं तर प्रश्नचिन्ह टाकून ठेवा.