वाफेवरचा लाल माठ, आठळ्या घालून

माठाच्या भाजीला वरून पाणी लागत नाही. धुतलेल्या पाल्यासोबत येतं आणि शिजताना सुटतं, तेवढं पाणी पुरतं. ही भाजी बिघडते ती बहुतेक वेळा जास्तीच्या पाण्यानेच.

चार जणांसाठी निवडून साधारण 400 ग्रॅम पाला, 8–10 आठळ्या (फणसाच्या बिया), 1 मोठा कांदा, ठेचलेल्या 6–7 लसूण पाकळ्या, 3 हिरव्या मिरच्या, 2 मोठे चमचे तेल, पाव वाटी ओलं खोबरं. आठळ्या भाजीच्या वाफेत शिजत नाहीत. वरचं पांढरं साल काढून मिठाच्या पाण्यात कुकरला 3 शिट्ट्या द्या आणि अर्ध्या करा. आतलं तपकिरी साल राहिलं तरी चालतं.

माठ चिरण्याआधी धुवायचा. त्याचा लाल रंग पाण्यात विरघळतो, चिरून धुतला की निम्मी चव मोरीत गेलीच. मोठ्या टोपात पाला बुडवून हलवा, दोन मिनिटं थांबा, मग पाला हाताने वर उचला. टोप रोवळीत ओतलात तर तळाला बसलेली रेव पुन्हा पाल्यावर येते. तळ स्वच्छ दिसेपर्यंत, निदान 3 वेळा हेच करा. नंतर रोवळीत 20 मिनिटं निथळू द्या. नखाने कट्कन तुटतात ते देठ बारीक चिरून घ्या. जाड देठ शिरा काढून वालाच्या बिरड्यात घाला, तिथेच ते शोभतात.

पसरट कढईत तेलावर लसूण तांबूस करा, मग मिरची आणि कांदा. कांदा मऊ झाला की देठ 2 मिनिटं परता आणि पाला मूठमूठ घाला. मीठ अजून नको. कच्चा ढीग पाहून घातलेलं मीठ हमखास जास्त होतं, कारण पाला बसून पाव हिश्शावर येतो.

वर खोलगट ताटली ठेवून तिच्यात वाटीभर पाणी ओता. ताटली वाफेपेक्षा गार राहते, वाफ तिला लागून थेंब होते आणि परत भाजीत पडते, म्हणून भाजी करपत नाही. मंद आचेवर 6–7 मिनिटं. मधे एकदा परता. तळाला लागतेय असं वाटलं तर ताटलीतलंच गरम पाणी चमचाभर घाला.

आता अर्धा लहान चमचा मीठ आणि आठळ्या घालून, झाकण न ठेवता, मोठ्या आचेवर पाणी आटवा. गॅस बंद केल्यावरच खोबरं. आधी घातलं तर ते चोथट लागतं.

टाकळा ही पावसाळी रानभाजीही अशीच होते, मात्र फुलायच्या आधीचे कोवळे शेंडेच खुडा, जून पाला कडू आणि चिवट असतो. त्याला कांदा दुप्पट आणि मूठभर भिजवलेली मूगडाळ हवी. जवळा (सुकी बारीक कोळंबी) घालायचा तर कोरडा भाजून, धुऊन कांद्यासोबत परता, आणि मीठ चाखूनच घाला.