बजेटमधला गेमिंग प्रोसेसर: आता घ्यावा की थांबावे, हे कसे ठरवावे

गणपती होऊन दिवाळीचे वेध लागले की बेळगाव, निपाणी, खानापूर भागातल्या अनेक घरांत मुलांचा एक प्रश्न सुरू होतो : गेम खेळायच्या संगणकाचा प्रोसेसर (सगळी आकडेमोड करणारी मुख्य चिप) आता घ्यायचा की नवा येईपर्यंत थांबायचे? या प्रश्नाचे निम्मे उत्तर घरातल्या जुन्या संगणकातच असते, म्हणून दुकानात जाण्याआधी एक संध्याकाळ त्याच्यासमोर बसावे.

आधी अडचण खरोखर प्रोसेसरची आहे का, हे तपासावे. नेहमीचा गेम सुरू करून व्ही-सिंक (फ्रेम पडद्याच्या वेगाशी बांधून ठेवणारी सोय) आणि फ्रेमची मर्यादा बंद करावी, सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रे, मिळतात ते लिहून घ्यावे, आणि मग रिझोल्यूशन (चित्रातल्या ठिपक्यांची संख्या) १०८० वरून ७२० वर आणून तीच जागा पुन्हा खेळावी. फ्रेम भराभर वाढल्या, तर दम ग्राफिक्स कार्डाचा लागत होता. नवा प्रोसेसर घेऊन फारसा फरक पडणार नाही. आकडा होता तिथेच राहिला आणि ग्राफिक्स कार्डाचा वापर साठ-सत्तर टक्क्यांच्या आसपासच रेंगाळत असला, तर कार्ड बहुधा प्रोसेसरची वाट पाहत बसलेले असते. याच बैठकीत रॅमची एकच पट्टी बसवलेली नाही ना, हेही पाहावे. दोन पट्ट्या लावून बायोसमध्ये (संगणक चालू होताना चालणारी बोर्डावरची मूळ प्रणाली) रॅमचा खरा वेग सुरू केला, तर कधी कधी खरेदीच टळते. पडदा साठ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला साठ चित्रे दाखवणारा असेल आणि साठ फ्रेम न अडखळता मिळत असतील, तर तूर्त काहीच घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोष प्रोसेसरचाच निघाला, तर मदरबोर्डाचे (सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य पट्टीचे) नाव आणि त्यावरचे सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा, पाहावे, कारण थांबण्यात अर्थ आहे की नाही हे मुख्यतः इथे ठरते. प्रोसेसर बनवणाऱ्या दोन मोठ्या कंपन्या म्हणजे एएमडी आणि इंटेल. बोर्ड एएमडीच्या एएम४ सॉकेटचा असेल, तर तिच्या रायझन ५००० मालिकेनंतरची पिढी त्यावर बसत नाही. रायझन ७००० पासूनच्या मालिकांना २०२२ मध्ये आलेले एएम५ सॉकेट आणि डीडीआर५ ही नव्या प्रकारची रॅम लागते. इंटेलच्या एलजीए १७०० बोर्डावर बाराव्या ते चौदाव्या पिढीपर्यंतचे प्रोसेसर चालतात. २०२४ च्या ऑक्टोबरात आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेचे सॉकेट वेगळे आहे. म्हणजे हे बोर्ड असणाऱ्याने नव्या पिढीची वाट पाहणे हे न थांबणाऱ्या गाडीसाठी फलाटावर उभे राहण्यासारखे आहे. आपल्या बोर्डावर बसणारा सहा कोअरचा (स्वतंत्रपणे काम करणारे सहा भाग असलेला) प्रोसेसर परवडत असेल, तर तो आताच घ्यावा.

मात्र नावातले आकडे नीट वाचावेत. रायझन ५ ५६०० आणि रायझन ५ ५५०० हे दोन्ही सहा कोअर आणि बारा थ्रेडचेच (एकाच वेळी बारा कामे हाताळणारे). पण पहिल्यात एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच जलद स्मृती) ३२ एमबी आहे आणि दुसऱ्यात १६, आणि गेममध्ये ती उणीव जाणवते. शिवाय ५५०० पीसीआय एक्सप्रेसच्या (ग्राफिक्स कार्ड जोडणाऱ्या मार्गाच्या) तिसऱ्या पिढीवरच थांबतो, त्यामुळे आरएक्स ६५०० एक्सटीसारखे या मार्गाच्या चारच लेन वापरणारे स्वस्त कार्ड त्याच्यासोबत मागे पडते. इंटेलच्या नावाशेवटी एफ असेल, जसे आय५ १२४००एफ, तर त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते. वेगळे कार्ड नसणाऱ्याने तो घेतला, तर बोर्डावरच्या जोडणीतून पडद्यावर काहीच दिसणार नाही.

जुन्या एएम४ बोर्डावर रायझन ५००० बसवण्यापूर्वी बायोस अद्ययावत करावे लागते, आणि ते जुना प्रोसेसर बसवलेला असतानाच उरकावे. हे काम चालू असताना वीज गेली, तर बोर्ड निकामी होऊ शकतो. पावसाळ्यात खानापूरकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो, तेव्हा यूपीएस नसेल तर शेजाऱ्याचा मागून आणावा.

बोर्डासकट सगळेच नवे घ्यायचे असेल, तर हिशेब वेगळा होतो. प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम या तिन्हींची किंमत एकाच दिवशी, एकाच कागदावर मांडून बेरीज करावी. नुसत्या प्रोसेसरची सवलत पाहून हुरळून जाऊ नये, कारण २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडून मागणी वाढल्यामुळे रॅमचे भाव झपाट्याने चढले आणि प्रोसेसरवर वाचवलेला पैसा त्यात सहज जाऊ लागला. जुनी डीडीआर४ रॅम हाताशी असेल, तर ती चालणाऱ्या एलजीए १७०० बोर्डावर आय५ १२४००एफ हा समंजस पर्याय आहे, फक्त बोर्ड डीडीआर४ चाच आहे याची खात्री करावी. रॅमही नवीच घ्यायची असेल, तर एएम५ कडे वळावे. या सॉकेटला किमान २०२७ पर्यंत साथ देण्याचे एएमडीने जाहीर केले आहे, त्यामुळे आज रायझन ५ ७६०० घेऊन पुढे केवळ प्रोसेसर बदलता येतो.

तरीही थांबायचे असेल, तर कशासाठी आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहून ठेवावे. जाहीर झालेले मॉडेल किंवा तोंडावर आलेला दिवाळीचा सेल ही कारणे चालतात. ‘काहीतरी नवे येणार’ हे ऐकीव कारण चालत नाही. लिहिलेली तारीख उलटली, की त्या दिवशी बाजारात जे असेल त्यातून निवडावे.

खरेदी बेळगावात करावी की शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या कोल्हापुरात, हा वाद आपल्याकडे जुना आहे. जीएसटी दोन्हीकडे १८ टक्केच, त्यामुळे कराच्या नावाखाली बचत होत नाही. फरक दुकानदाराच्या भावात असतो, आणि त्यातून जाण्यायेण्याचा खर्च वजा करावा लागतो. पेटीबंद प्रोसेसरला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते. पेटीशिवाय सुटा मिळत असेल, तर वॉरंटी कोण आणि किती देणार हे बिलावर लिहून घ्यावे, आणि प्रोसेसरवरचा क्रमांक बिलातल्या क्रमांकाशी दुकानातच ताडून पाहावा.